खिळेकाकूंच्या पदरच्या ओळी

खिळेकाकूंचं खरं नाव गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं, आणि विचारायची सोयही नव्हती, कारण विचारावं तेव्हा त्यांच्या तोंडात खिळे असत. खुर्च्या-सोफ्यांना कापड चढवायचा त्यांचा धंदा. एका हातानं कापड ताणून धरायचं, दुसऱ्या हातात हातोडी, मग बारीक खिळे ठेवायचे कुठे? ओठांत. जिभेनं एकेक खिळा पुढे सरकवायचा, हातोडीच्या लोहचुंबकाच्या टोकानं तो उचलायचा आणि ठोकायचा. लोक मूग गिळून गप्प बसतात, काकू खिळे धरून बसत. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की त्या तोंडात आणखी थोडे खिळे टाकून नुसती मान हलवत. बोलणाराच दमायचा.

मी त्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहते, म्हणून त्यांच्या लेखी माझं नाव 'वरची'. गल्लीच्या टोकाला जे थेटर आहे तिथे मी तिकीटखिडकीवर सगळी नोकरी काढली. खिडकी एवढीशी, माणसाचं तोंड दिसायचं नाही, हात तेवढा आत यायचा. त्यामुळे माणसं हातांवरून ओळखायची खोड मला लागली ती लागलीच. काकूंचे हात पहिल्यांदा पाहिले तेव्हा वाटलं, बाई भांडखोर असणार. रुंद पंजे, वाकडी बोटं, अंगठ्याला घट्टे. पण एवढ्या वर्षांत त्या कुणाशी भांडल्याचं मी पाहिलं नाही. गल्लीतली भांडणं बहुतेक मीच करते.

न भांडायचं कारण मला फार उशिरा कळलं. त्यांना भांडायला भाषाच नव्हती.

तशी आमच्या गल्लीत मूळची माणसं शोधायची म्हणजे तांदळातले खडे वेचण्यासारखं आहे. कारखाना होता तेव्हा कामासाठी बारा गावचे लोक इथे येऊन राहिले. कारखाना बंद पडला, माणसं राहिली. जिन्यात एक भाषा, गच्चीत दुसरी, नळावर तिसरी. पण ज्याला त्याला भांडायला तरी आपल्या भाषेतलं एक घर होतं. काकूंना तेही नव्हतं. त्यांचं माहेर इतकं लांब, की त्या बाजूचं माणूस आमच्याकडे कधी फिरकलंच नाही. त्यांचा नवरा तरुणपणी तिकडे एका हॉटेलच्या खुर्च्या मढवायला गेला होता. खुर्च्या मढवून झाल्यावर येताना बायको घेऊन आला. तो होता तोवर त्यांची भाषा मोडकीतोडकी बोलायचा. काकू म्हणायच्या, "चुकीचं बोलायचा, पण बोलायचा." तो गेल्यावर तेही संपलं. मुलगा लांबच्या शहरात असतो. तो फोनवर आईची चौकशी करतो ती आपल्या इथल्या भाषेत. त्याला आईची भाषा आली नाही, कारण शाळेत पोरं हसायची, आणि मग काकूच त्याच्याशी तसं बोलायच्या थांबल्या.

तरी तोरा होता हो. एखादी वस्तू पाहिली की म्हणायच्या, "आमच्याकडे याला फार चांगला शब्द आहे." मी विचारायची, "कुठला?" की खिळे तोंडात.

थेटर बंद झालं तेव्हा ते गावानं ताब्यात घेतलं. तिथे आता सकाळी व्यायामाचे वर्ग आणि संध्याकाळी सभा भरतात. शेजारच्या वाचनालयाचे ग्रंथपाल हे एक भारी प्रकरण आहे. त्यांना आम्ही उत्साहराव म्हणतो. त्यांच्या डोक्यात आलं की गल्लीत इतक्या भाषा आहेत, तर प्रत्येक भाषेतला एक छोटा सिनेमा आणायचा, दोन दिवस दाखवायचे आणि विविधतेचा उत्सव करायचा. मी म्हटलं, "विविधता आम्हाला रोज नळावर दिसते, त्याला तिकीट कशाला?" तर म्हणाले, "तिकीट नाहीच, प्रवेश मोफत आहे." आणि थेटरातला माझा अनुभव म्हणून मला समितीवर घेतलं. माझा अनुभव फक्त 'हाऊसफुल्ल'ची पाटी लावायचा आहे, हे मी सांगून पाहिलं. उत्साहरावांना 'नाही' ऐकू येत नाही.

खुर्च्यांची दशा झाली होती. रेक्झिन फाटून काथ्या बाहेर आलेला, काही ठिकाणी स्प्रिंगा वर. तेव्हा काकूंना बोलावलं. त्या रोज दुपारी दाभण, सुतळी, हातोडी घेऊन यायच्या आणि रांगेरांगेतून गुडघ्यांवर सरकत काम करायच्या. त्यांच्या डोक्यावरून उत्साहराव पडद्यावर सिनेमे लावून बघत बसायचे, आवाज येतो का, चित्र हलतं का वगैरे. मी दारात बसून दोघांना नावं ठेवायची.

अशाच एका दुपारी उत्साहरावांनी एक सिनेमा लावला. दोनच बायका त्यात. एक म्हातारी उंबऱ्याशी बसून शेंगा सोलते आहे, आणि तिची मुलगी पिशवी घेऊन फार दिवसांनी घरी येते. एवढंच. म्हातारीचा चेहरा फारसा दिसतच नाही, सगळा वेळ तिचे हात. मला हात दिसले म्हणून मी बघत राहिले. आणि मग लक्षात आलं की हातोडीचा आवाज थांबलाय.

काकू दोन रांगांच्या मधे गुडघ्यांवर तशाच होत्या, मान वर करून, तोंडात खिळे. पडद्यावरची म्हातारी काहीतरी पुटपुटत होती. काकूंनी हळूच हाताची ओंजळ तोंडाखाली धरली आणि सगळे खिळे त्यात काढले.

"ही माझी भाषा आहे," त्या म्हणाल्या.

उत्साहराव खुर्चीवरून उठलेच. कारण त्या सिनेमाबरोबर खाली दिसणाऱ्या ओळी आल्याच नव्हत्या, आणि तिकडची एक मुलगी हा सिनेमा करून पाठवून मोकळी झाली होती. तिच्याशी उत्साहरावांचा पत्रव्यवहार तिसऱ्याच एका भाषेत चालायचा, तोही दोघांना जेमतेम येणाऱ्या. आणि इथे भाषा जाणणारी बाई खुर्चीखाली सापडली. त्यांनी काकूंचा हात धरला आणि म्हणाले, "काकू, ओळी तुम्ही सांगायच्या." काकू नाही म्हणाल्या नाहीत. तेव्हा मला वाटलं, मान दिला म्हणून खूश झाल्या असतील. त्या खूश होत्याही. दुसऱ्या दिवशी वाचनालयात येताना केस विंचरून, धुतलेला कोट घालून आल्या.

काम असं चालायचं. उत्साहराव सिनेमा जरासा पुढे न्यायचे, थांबवायचे. काकू विचार करून ओळ सांगायच्या, उत्साहराव टाइप करायचे, आणि मी शुद्धलेखन बघायची, कारण उत्साहरावांचा उत्साह ऱ्हस्व-दीर्घाला जुमानत नाही. पहिल्याच दिवशी मला एक गोष्ट खटकली. पडद्यावर म्हातारी चांगली लांबलचक कुरकुर करायची आणि काकू सांगायच्या, "बस." आणि म्हातारीनं नुसतं हूं केलं की काकूंची ओळ तीन वेळा दुमडली तरी संपायची नाही. मी तसं बोलून दाखवलं. उत्साहराव म्हणाले, "भाषेभाषेचा स्वभाव असतो." काकू खिळ्यांशिवायही गप्प बसल्या.

ओळी मात्र अशा होत्या की मला टाइप केलेलं वाचताना चष्मा पुसावा लागला. मुलगी दारात येते तेव्हा आई म्हणते, 'आलीस? बस, दमली असशील.' मग म्हणते, 'तुझ्या आठवणीनं घास उतरत नव्हता.' आणि सगळ्यात कळस म्हणजे, 'तू गेलीस त्या दिवसापासून मी दाराला कडी लावलेली नाही.' मी मनात म्हटलं, काय माणसं आहेत तिकडची, आमच्या आयांनी कधी असलं तोंडातून काढलं नाही.

उत्सवाच्या आदल्या आठवड्यात उत्साहराव दुकानात धावत आले. सिनेमा करणारी मुलगी स्वतः येणार होती. सिनेमा झाला की लोक तिला प्रश्न विचारतील, आणि मधे दुभाषी म्हणून उभ्या राहतील खिळेकाकू. "एवढ्या वर्षांनी तुम्हाला माहेरचं माणूस भेटणार," असं म्हणून ते आले तसे धावत गेले. मी खिडकीतून ऐकत होते. खाली हातोडी वाजलीच नाही.

थोड्या वेळानं जिन्यात पावलं वाजली. काकू कधी वर येत नसत, गुडघे दुखतात म्हणायच्या. आल्या आणि माझ्या खाटेच्या कडेवर बसल्या.

"वरचे," त्या म्हणाल्या, "मी पदरचं घातलंय."

"कशात?"

"सिनेमात."

"किती?"

"बहुतेक सगळंच."

मी पाणी दिलं. ते हातात धरून त्या बोलल्या. पहिल्यांदा आवाज कानावर आला तेव्हा सूर ओळखीचा होता, तेवढ्यावर वाटलं की आपल्याला सगळं कळतंय. दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा उमगलं, सूरच तेवढा कळतोय. सिनेमातली मुलगी बोलते ते भराभर, आणि त्यातले कितीतरी शब्द काकू तिथून निघाल्या तेव्हा जन्मलेही नव्हते. म्हातारी शेंगांकडे बघून पुटपुटते, तिचा शब्द ओठांच्या बाहेर पडायच्या आधीच विरतो.

"मग तसं सांगायचं," मी म्हटलं. "नाही कळत म्हणायचं."

"कसं म्हणू?" काकू म्हणाल्या. "इथे माझं म्हणून तेवढं एकच होतं. घर नवऱ्याचं, दुकान नवऱ्याचं, पोरगं तुमच्या भाषेतलं. तेही गेलं म्हणून सांगू?"

मी खाटेवर त्यांच्या शेजारी बसले.

"आणि त्या ओळी? कडी लावली नाही ती?"

त्यांनी पाणी न पिताच भांडं खाली ठेवलं. मग सांगितलं. लग्न आईला पसंत नव्हतं. परक्या मुलखातला माणूस, खुर्च्या मढवणारा. निघायच्या दिवशी नवरा सामान घेऊन दारात उभा आणि आई आत कपड्यांच्या घड्या घालत बसलेली. काकू समोर जाऊन उभ्या राहिल्या. आईनं मान वर केली नाही. एक घडी झाली, दुसरी घेतली. शेवटी घडीकडे बघूनच म्हणाली, "जाताना दार ओढून घे, धूळ येते." काकूंनाही राग आला. त्याही काही न बोलता निघाल्या, आणि दार ओढून घेतलं. पुढे जायचं जायचं म्हणता मूल झालं, धंदा वाढला, वाट लांबची, आणि एक दिवस आई गेल्याचा निरोप आला, तोही महिन्यांनी.

"तेव्हापासून मी विचार करते, मान वर केली असती तर काय म्हणाली असती," काकू म्हणाल्या. "करून करून सगळं पाठ झालं होतं. उत्साहराव सिनेमा थांबवायचा आणि माझ्याकडे बघायचा. मी पाठ होतं ते सांगत गेले."

मी म्हटलं, उत्साहरावांना सांगून टाकू, अजून वेळ आहे. त्या नको म्हणाल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती मुलगी तरुण आहे, तिला आपल्या इथली भाषा वाचता येत नाही, खाली काय लिहिलंय ते तिला कुठे कळणार? आणि लोकांचे प्रश्न काय, 'सिनेमा करायला किती दिवस लागले' यापलीकडे जात नाहीत. मला ते पटलं. मी तिकिटं विकायची, मला प्रेक्षक चांगला माहीत आहे असा माझा समज होता.

पाहुणी आली. सडपातळ पोरगी, पाठीवर तिच्याहून मोठी पिशवी. काकू थेटराच्या पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी काय बोलायचं ते घोकून ठेवलं असणार. त्या एक वाक्य बोलल्या. पाहुणी चमकली, हसली, आणि इतकं भराभर बोलायला लागली की काकू नुसत्या हो हो करत राहिल्या. पंगतीत नको असताना वाढलं जातंय आणि माणूस संकोचानं हो म्हणतंय, तसं ते हो हो मला वाटलं.

शनिवारी दुपारी खेळ. थेटर भरलं, प्रवेश मोफत असला की आमची गल्ली संस्कृतीला कमी पडत नाही. उत्साहरावांचं भाषण झालं, ते मी तुम्हाला सांगत नाही. मग एकेक भाषेचा सिनेमा लागत गेला. ज्या घरची भाषा, त्या घरचे लोक टाळ्या पिटत आणि बाकीच्यांना कोपरानं ढोसून म्हणत, "आमचं आहे." काकूंच्या सिनेमाला ढोसणारं कुणी नव्हतं. पण सिनेमा सुरू झाला आणि थेटर हळूहळू गप्प झालं. 'आलीस? बस, दमली असशील' आलं तेव्हा कुणीतरी च्‌ च्‌ केलं. कडीची ओळ आली तेव्हा दिवसभर मटण तोडणारा आमचा मटणवाला नाक ओढायला लागला. निवृत्त पोस्टमन तर उघड रडत होता. त्याची मुलगी परदेशात आहे. सगळ्या थेटरात कोरडे डोळे दोघींचेच होते. एक पाहुणी, तिला खालच्या ओळी वाचता येत नव्हत्या. आणि एक काकू, त्यांनी खुर्चीचा हात असा आवळला होता की नवं रेक्झिन निघून यावं.

दिवे लागले. पाहुणी आणि काकू पडद्यासमोर उभ्या राहिल्या. पहिला हात पोस्टमननं वर केला.

"ती ओळ," तो म्हणाला, "दाराला कडी लावलेली नाही, ती. ती तुमच्या स्वतःच्या आईची आहे का हो? एवढंच विचारा तिला."

पाहुणी काकूंकडे बघायला लागली. सगळं थेटरच बघायला लागलं. काकूंनी हात तोंडाशी नेला, तिथे खिळे नव्हते. मग त्या पाहुणीकडे वळल्या आणि आपल्या भाषेत बोलायला लागल्या.

आधी हळू, अंधारात पायऱ्या उतराव्यात तसं. मग भरभर. पोस्टमनचा प्रश्न एका ओळीचा होता, काकू संपेचनात. मी इतकी वर्षं त्यांच्या डोक्यावर राहते, पण त्यांना इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. आवाजही वेगळा होता, वरच्या पट्टीतला, पोरीबाळींसारखा. बोलताना हातांनी घड्या घालत होत्या, तेव्हा मला कळलं की त्या सगळं खरं सांगतायत. पाहुणीनं भुवया आक्रसल्या, पुढे वाकली, कान जवळ नेला. आणि काकू थांबल्या तेव्हा तिनं त्यांचा हात धरून एकच वाक्य म्हटलं.

"काय म्हणते?" उत्साहरावांनी विचारलं.

"म्हणते, निम्मंच कळलं," काकू म्हणाल्या. "म्हणते, माझी पणजी असं बोलायची. पुन्हा सांगा, सावकाश."

थेटर हसलं, टाळ्याही वाजल्या. लोकांना वाटलं गंमत झाली. मी मात्र हसले नाही. इतक्या वर्षांनी एक माणूस मिळालं, त्याच्यासमोर जीव मोकळा केला, आणि त्यातलं निम्मं वाऱ्यावर.

"वा, वा. पण प्रश्नाचं उत्तर?" उत्साहराव म्हणाले.

"ते मी देते," काकू म्हणाल्या आणि पोस्टमनकडे बघून बोलल्या. "ती ओळ हिची नाही. हिच्या आईची पण नाही. मी घातली. बाकीच्याही मीच घातल्या. सिनेमातली आई तसं काही म्हणत नाही."

मग पोस्टमनच म्हणाला, अगदी साधेपणानं, त्याला खरंच हवं होतं म्हणून, "मग ती काय म्हणते?"

"मला कळलं नाही," काकू म्हणाल्या. "माझ्याच भाषेतला सिनेमा, पण मला नीट कळला नाही. बोलायला कुणी नव्हतं. गेली माझी भाषा."

एवढं बोलून त्या खाली उतरल्या आणि पहिल्या रांगेत बसल्या. मागून कुणीतरी 'फसवणूक' असा शब्द काढला. मी वळून पाहिलं. मी खिडकीवर असताना असल्या माणसाला खांबामागची जागा देत असे, आणि तो ते विसरलेला नसावा. पुन्हा आवाज आला नाही.

संध्याकाळी काकूंच्या दुकानात आम्ही चौघं होतो. उत्साहरावांचा चेहरा उतरलेला, पण दुसऱ्या दिवशी सगळे सिनेमे पुन्हा दाखवायचे होते, आणि नव्या ओळी करायच्या म्हटल्यावर त्यांचा उत्साह परत आला. थोडं थोडं त्या तिसऱ्या भाषेत पाहुणीला त्यांनीच समजावलं असणार. पाहुणी अर्धवट कापड चढवलेल्या सोफ्यावर मांडी घालून बसली होती. मी चहा केला. पाहुणी एकेक वाक्य सावकाश म्हणायची, काकू ते तोंडात घोळवायच्या. कधी पाहुणी एखाद्या शब्दासाठी कोंबडीसारखे हात फडकवायची, आणि काकू आपला जुना शब्द काढून ओरडायच्या, आणि दोघी हसायच्या. मग ती ओळ आमच्या भाषेत यायची.

आणि काय ओळी होत्या! मुलगी दारात येते तेव्हा आई म्हणते, 'पाय पुसून ये.' मग म्हणते, 'जाडी झालीस.' मग कोंबडी खुडूक बसल्याचं पुराण. मग, 'छप्पर गळतंय. तुझी खाट मी सरकवून घेतलीये, तिच्यावर पाणी पडत नाही.'

ही ओळ काकूंनी पाहुणीला पुन्हा म्हणायला लावली. मग मला विचारलं, "सरकवून घेतलीये, असंच लिहितात ना?" मी हो म्हटलं. त्यांनी उत्साहरावांच्या संगणकावर थांबलेल्या चित्राकडे पाहिलं. शेंगा, हात आणि पांढऱ्या केसांचा भांग. त्यांनी पाहुणीला काहीतरी विचारलं. पाहुणी हसायला लागली, आणि सांगता सांगता हसायची थांबली. काकू ऐकत होत्या आणि अडेल तिथे परत विचारत होत्या. मग त्यांनी आम्हाला सांगितलं.

"मी विचारलं, ही मान का वर करत नाही? तर ती म्हातारी नटी नाही, या पोरीची खरीच आई आहे. हिनं परोपरीनं सांगितलं, आई, इथे मान वर कर, माझ्याकडे बघ. पण ती ऐकेना. शेंगा संपल्या, शेजारून आणल्या, तरी नाही. शेवटी आई चिडली. म्हणाली, वर बघितलं की मला रडू येईल आणि तुझं चित्र नासेल. तुला काय ते माझ्या हातांचं घे."

उत्साहराव टाइप करायचे थांबले. काकूंनी डबीतून एक खिळा काढला आणि ओठांत धरला. समोर काम काहीच नव्हतं. बराच वेळ धरून ठेवला, मग काढला आणि पाहुणीला म्हणाल्या, ते मला भाषा न येताही कळलं, की पुन्हा सांग. पाहुणीनं पुन्हा सांगितलं.

पाहुणी रविवारी सकाळीच गेली, तिला पुढच्या गावी सिनेमा दाखवायचा होता. काकूंनी तिला प्रवासात पाठीला म्हणून एक उशी शिवून दिली. ती फोन करीन म्हणाली. मी म्हटलं, "सगळेच म्हणतात, नव्याचे नऊ दिवस." काकू म्हणाल्या, "करू दे की. तिचं निम्मं मला कळेल, माझं निम्मं तिला. दोघींचं मिळून एक होईल." पण बस वळल्यावरही त्या वळणाकडे बघत उभ्या होत्या, आणि मी निघू या म्हटलं ते त्यांना ऐकू गेलं नाही.

दुपारच्या खेळाला आदल्या दिवसापेक्षा जास्त गर्दी. गवगवा झाला होता ना. काकू माझ्या शेजारी बसल्या. सिनेमा लागला. 'पाय पुसून ये' ला थेटर हसलं. 'जाडी झालीस' ला तर मागच्या रांगेतल्या बायका एकमेकींना टाळ्या देऊन हसल्या, कारण ती आई आता सगळ्यांच्या ओळखीची निघाली. पोस्टमन तेवढा हिरमुसला होता. त्याला कालचीच आई हवी होती.

छपराची ओळ आली. मी काकूंकडे पाहिलं. त्या रडत होत्या. हुंदका नाही, काही नाही, नुसता चेहरा ओला. पुसतही नव्हत्या. काल सगळं थेटर रडलं तेव्हा दगडासारखी बसलेली बाई आज सगळे हसत असताना रडत होती, आणि पडद्यावर म्हातारीचे हात शेंगेमागून शेंग फोडत होते.

शेवटी मुलगी पिशवी उचलते. आई मान वर करत नाही. 'पायऱ्या ओल्या आहेत,' म्हणते, आणि शेंग घेते.

काकू उठून उभ्या राहिल्या. पडद्याकडे बघून त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाल्या, आख्ख्या थेटराला ऐकू जाईल असं. मागचे लोक 'बसा, बसा' करायला लागले. त्या बसल्या. मी कानाशी लागून विचारलं, "काय म्हणालात?"

"'येते' म्हणाले."

"कुणाला?"

"आईला," काकू म्हणाल्या. "तेव्हा न सांगताच निघाले होते."